उपास कशाने सोडला?

नवी दिल्ली
८ जुलै १९९७

ती. चतुरामावशीस उज्वलाचा नमस्कार.

तीन महिन्यांनी पत्र लिहिते आहे आणि तेही कामासाठी. तू हे पहिल्या ओळीतच ओळखशील, म्हणून आधीच कबूल करून टाकते.

मी इथे काय करते असं तू दर वेळी विचारतेस आणि मी दर वेळी ‘संशोधन’ असं म्हणून सुटते. या वेळी नीट सांगते. गेल्या नोव्हेंबरात रोमला जगभरातली सरकारं जमली आणि त्यांनी ठरवलं, की २०१५ सालापर्यंत जगातल्या उपाशी माणसांची संख्या निम्म्यावर आणायची. निम्म्यावर आणायची तर आधी मोजायला हवी. त्या मोजणीतला एक छोटा तुकडा आमच्या संस्थेकडे आला आहे. चार राज्यांतली साठ गावं. त्यात मी कोळवाडीचं नाव घातलं. आमचे संचालक म्हणाले, नाशिकच्या द्राक्ष-कांद्याच्या पट्ट्यात उपाशी कोण सापडणार? मी म्हटलं, म्हणूनच घ्या. इतक्या गरीब गावांच्या शेजारी एखादं खाऊन-पिऊन सुखी गाव तुलनेला हवं.

ऑगस्टच्या शेवटी भाग्यश्री आणि मनीषा या आमच्या दोन मुली तुझ्याकडे येतील. चार दिवस राहतील. घरोघरच्या बायकांना एक पानभर प्रश्न विचारतील. तुझ्याकडे त्यांची सोय कर, पण एक विनंती आहे. उत्तरं देताना कोणाला काही सुचवायचं नाही. जी बाई जे सांगेल ते तसंच्या तसं लिहायचं, असा आमचा नियम आहे. तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून हे वाक्य दोनदा वाच.

गोटीरामकाकांना नमस्कार.

तुझी,
उज्वला


कोळवाडी, ता. निफाड
२९ ऑगस्ट १९९७

चि. उज्वलास चतुरामावशीचे आशीर्वाद.

तुझ्या दोन्ही पोरी आल्या, राहिल्या आणि काल गेल्या. मुली गुणी आहेत. पण त्यांनी येताना तराजू आणला होता हे तू कळवलं नव्हतंस. पहिल्याच दिवशी भाग्यश्रीने तुझ्या काकांच्या ताटातली भाकरी उचलून तराजूत घातली. ते ओझरच्या विमान कारखान्यातून दमून आले होते. म्हणाले, “पोरी, माझ्या आईनंबी कधी माझी भाकर जोखली नव्हती.” मग त्या दिवशी त्यांनी मुद्दाम एक भाकरी जास्त खाल्ली. ती तुझ्या जगाच्या हिशेबात गेली असणार.

एकेका बाईला वेगळं बसवून विचारायचं असं त्यांच्या कागदात होतं म्हणे. पण आमच्या गल्लीत एक बाई निघाली की बारा निघतात. मंगळवारी सगळ्या मारुतीच्या देवळात जमलो आणि तिथेच गोलात बसून उत्तरं दिली. मी कोणाला काही सुचवलं नाही. तुझं वाक्य मी चार वेळा वाचलं होतं. बायकांनी उत्तरं झकास दिली. तू आमच्यावर खूश होशील, यापेक्षा जास्त आत्ता सांगत नाही.

तू काल काय जेवलीस? मागच्या तीन पत्रांत विचारलं आणि तीनही वेळा तू हवापाण्याचं लिहिलंस.

चतुरामावशी


नवी दिल्ली
१९ सप्टेंबर १९९७

ती. मावशी,

पहिले आकडे आले. साठ गावांचा तक्ता लागला, आणि भुकेमध्ये कोळवाडीचा पहिला नंबर आला.

फॉर्मातला सातवा प्रश्न असा होता: ‘गेल्या तीस दिवसांत तुमचे किती दिवस जेवणाशिवाय गेले?’ दुष्काळी भागांतल्या गावांची सरासरी दोन दिवस आली, कुठे तीन. कोळवाडीची दहा. मी तीन वेळा बेरीज केली. मावशी, तुझ्या स्वतःच्या फॉर्मावर आठ लिहिलं आहे.

संचालक मात्र हरखून गेले आहेत. बाहेरून हिरव्या दिसणाऱ्या मुलखातली लपलेली भूक आम्ही शोधून काढली असं त्यांना वाटतं. डिसेंबरात रोमला एक बैठक आहे. तिथलं मुख्य भाषण या आकड्यावर होणार आणि ते मी करणार. आनंद व्हायला हवा, पण मला सारखं तुझं ताट दिसतं आहे. मी सुट्टीत आले की तू मला आग्रह करकरून वाढायचीस, तेव्हा तुझ्यासाठी काही उरत होतं का? मला कधी बोलली का नाहीस?

सोबत पार्सल पाठवते आहे. पाच किलो सातूचं पीठ, दोन किलो हरभरे आणि एक तुपाचा डबा. कृपा करून ते दुसऱ्यांना वाटत बसू नकोस. तू खा.

तुझी,
उज्वला


कोळवाडी
२७ सप्टेंबर १९९७

चि. उज्वलास आशीर्वाद.

पार्सल पोचलं. पोस्टमनने सायकलवरून उतरवताना विचारलं, “दिल्लीवरून हरभरे? निफाडात संपले का?” मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. सातूचं पीठ म्हशीला घालावं असं तुझे काका म्हणाले. म्हैसही विचारात पडली.

अगं वेडे, त्या दिवशी मंगळवार होता आणि महिना श्रावण. तुझ्या पोरीने विचारलं, किती दिवस जेवणाशिवाय गेले. श्रावणात बाईला असा प्रश्न विचारल्यावर ती काय सांगणार? उपास मोजणार. सोमवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी. उपासाला जे खातो त्याला फराळ म्हणतात, जेवण कोण म्हणतं? भाग्यश्रीने काही सुचवायचं नाही म्हणून सुचवलं नाही, मी तुला शब्द दिला होता म्हणून गप्प बसले, आणि तुमच्या तक्त्याने आम्हाला उपाशी मारलं.

आता राहिलेलं खरंही सांगते, कारण ते माझ्या पोटात राहत नाही. माझे उपास पाच. चार सोमवार आणि एक एकादशी. पण माझ्या आधी यशोदाबाईचा नंबर लागला. आमच्या शेजारची यशोदाबाई तुला माहीत आहे, माझ्या दारात दोन कर्दळी लागल्या की तिच्या दारात चार लागतात. ती चांगली खणखणीत आवाजात म्हणाली, “अकरा.” आणि माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या तोंडून आठ निघाले. त्याहून जास्त खोटं देवळात बोलवेना. त्यानंतर शकुबाई उठली. टोकाच्या घरातली, द्राक्षाच्या दिवसांत पिंपळगावला पेट्या भरायला जाते ती. खाली मान घालून म्हणाली, “चौदा.” यशोदाबाईचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पुढच्या बायकांनी मग दहाच्या खाली कोणी उतरायचं नाही असं न बोलता ठरवूनच टाकलं.

तुझे काका म्हणतात, कोळवाडीचा कशात तरी पहिला नंबर आला हे सरपंचांच्या कानावर घालू नका, ते सत्कार ठेवतील. आणि विमानं आम्ही बनवायची, बसायला मात्र उज्वला, तेही आमच्या उपासांच्या पुण्याईवर. आमच्याकडच्या लढाऊ विमानात एकच माणूस मावतो, तुझ्या साहेबांनाही न्यायचं असेल तर दुसरं बघ.

काल काय जेवलीस?

चतुरामावशी


नवी दिल्ली
३ ऑक्टोबर १९९७

ती. मावशी,

तुझं पत्र मी ऑफिसात वाचलं आणि हसू की रडू कळेना म्हणून बाहेर जिन्यात जाऊन बसले.

चूक माझी आहे. फॉर्म इंग्रजीत तयार झाला, मराठीत मी उतरवला. श्रावणात तुझ्या घरी मी पोटभर खिचडी खाऊन ‘आज जेवायचं नाही’ असं म्हणत मोठी झाले, आणि मलाच हे सुचलं नाही.

आता पुढचं. संचालकांना अजून सांगितलेलं नाही. भाषण जाईल, रोम जाईल, आणि मोजायला गेलेल्या बाईला मोजता येत नाही असं माझं नाव होईल ते वेगळंच. पण चुकीचा आकडा घेऊन उभं राहणं मला जमणार नाही. एक मार्ग दिसतो. जिथे उपास असेल तिथे फराळ धरायचा आणि सगळे ‘जेवणाशिवाय’चे दिवस खोडून टाकायचे. मग कोळवाडीत भूक शून्य. मात्र नुसतं दिल्लीत बसून मी असं खोडलं तर ती दुसरी चूक होईल. म्हणून तुला एक काम. तुमच्या गोलात बसलेल्या बारा जणींच्या घरी जा. या वेळी एकेकीला एकटं गाठ. दोनच प्रश्न विचार: उपासाच्या दिवशी काय खाल्लं, आणि उपास कशाने सोडला. वहीत लिहून पाठव. वेळ थोडा आहे.

काही सुचवू नकोस, हे लिहायला आता मला तोंड नाही.

तुझी,
उज्वला


कोळवाडी
१३ ऑक्टोबर १९९७

चि. उज्वलास आशीर्वाद.

दसरा झाला, सोनं वाटून झालं, आता निवांत लिहिते. बारा घरं केली. नवरात्र असल्यामुळे सगळ्या उपासातच होत्या, त्यामुळे विचारायला बरं पडलं.

सुरुवात यशोदाबाईपासून केली. मी वही काढलेली पाहून ती ओसरीवर मांडी घालूनच बसली. सकाळी दूध आणि केळी. मग साबुदाण्याची खिचडी. दुपारी भगर आणि दाण्याची आमटी. चार वाजता रताळ्याचा कीस. सोमवार सोडताना वरणभात, अळूची भाजी, खीर. मी वही मिटली तर म्हणाली, “थांब, राजगिऱ्याचा लाडू राह्यला. लिही.” त्या बाईचा उपास लिहिता लिहिता माझ्या पेन्सिलीचं टोक गेलं. तू तिला उपाशी धरलं होतंस. बाकीच्या दहा घरीही थोड्याफार फरकाने हेच. माझं मी शेवटी लिहिलं आहे, खिचडी दोनदा घेतली तेही लिहिलं आहे.

शकुबाईचं घर टोकाला, म्हणून तिच्याकडे जाता जाता दिवेलागण झाली. मी थट्टेनेच गेले होते. चौदाचा आकडा माझ्या डोक्यातून गेला नव्हता. म्हटलं, एवढा पुण्याचा साठा करते तर बघू तरी हिचा फराळ. उंबऱ्यावरच बसले.

“शकू, सरावणात उपासाला काय खायचीस?”

“खिचडी.”

“अन् सोमवार कशानं सोडायचीस?”

“वरणभात.”

पाढे म्हणावेत तशी उत्तरं आली. मी लिहून घेतली. मग विचारलं, आज काय केलंस? म्हणाली, “आत्ताच खाल्लं ना बाई. लय झालं, उरलं बी.” मी मान वर केली तर समोर चूल. चुलीत मांजर झोपलेलं. अंगाचं मुटकुळं करून, राखेत, निवांत. माझ्या बघण्याने ते जागं झालं, जांभई दिली आणि दुसऱ्या कुशीवर झोपलं. उज्वला, सगळ्या गल्लीत धूर निघालेला होता आणि त्या चुलीत मांजर झोपलं होतं.

मी वही बाजूला ठेवली. म्हटलं, शकू, खरं सांग. तिने पदराच्या टोकाला गाठ मारली. मग म्हणाली, “घरात ताटं पाच हायेत अन् पीठ चार ताटांचं. मालकाला अन् पोरींना सकाळी करून घातलं. सासूला घातलं. पाचव्या ताटाला उपास हाय म्हणलं की कोणी इचारत नाय. उलट सासू मान देती.”

रंगनाथ, तिचा नवरा, पिंपळगावला टेम्पो भरतो. माल नसला की टेम्पो नाही. द्राक्षांचं काम सुरू होईपर्यंत घरात असंच चालतं. हे काल-परवाचं नाही, चार वर्षं झाली. आणि चार वर्षं मी तिच्यावर जळते आहे. देवळात ती चौदा म्हणाली तेव्हा मला राग आला होता, की ही इतकी पुण्यवान कशी. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. घरी येऊन ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं.

मग रात्री विचार करत बसले. आमचे झाडून सगळे उपास चातुर्मासात येतात. कणगीचा तळ दिसायला लागतो तोही तेव्हाच. पन्नास वर्षं उपास केले पण हे दोन्ही एकाच वेळी कसं येतं, हे मी कधी मनाला विचारलं नव्हतं. तू शिकलेली आहेस, तू विचार.

वही पाठवते आहे. बाकी सगळ्यांचे उपास खुशाल खोड, माझे आठही खोड. शकूचे चौदा खोडू नकोस. तिने मला खिचडी सांगितली, ती मी वहीत लिहिली होती. तिच्यावर रेघ मारली आहे ती माझी.

चतुरामावशी


नवी दिल्ली
२६ डिसेंबर १९९७

ती. मावशी,

दोन महिने पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. आधी सगळं निस्तरलं, मग लिहायला बसले.

तुझी वही घेऊन मी संचालकांकडे गेले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “हा आकडा काढला तर उरलं काय?” मी म्हटलं, एक बाई. ते म्हणाले, एका बाईवर धोरण ठरत नाही. खरं तर तिथेच विषय संपायचा, पण मला त्या मांजराने धीर दिला. मी म्हटलं, साहेब, आधी आपण उपाशी नसलेल्या अकरा जणींना उपाशी धरलं. आता सगळं खोडलं तर उपाशी असलेली एकुलती एक बाईच तक्त्यातून नाहीशी होते. बाकीच्या एकोणसाठ गावांत अशा किती गेल्या, हे आपल्याला माहीत आहे का?

तिसऱ्या दिवशी त्यांनी आणखी सहा गावांत माणसं पाठवली, तू विचारलेले तेच दोन प्रश्न देऊन. प्रत्येक गावात शकुबाई निघाली, मावशी. कुठे दोन, कुठे पाच. कुठे बाई म्हणे माझं व्रत आहे, कुठे म्हणे मला पित्ताने भूकच लागत नाही. आणि सगळ्या पावसाळ्याच्या चार महिन्यांत.

मुख्य भाषण गेलं ते गेलंच. रोमला मला जेवणानंतरची दहा मिनिटं मिळाली. समोर दीडशे विद्वान, पोटभर जेवलेले, निम्मे पेंगत होते. मी फळ्यावर तू घरोघर विचारलेला प्रश्न लिहिला: उपास कशाने सोडला? आणि यशोदाबाईची यादी वाचून दाखवली, लाडवासकट. मागच्या रांगेतली इथिओपियाची एक बाई मोठ्याने हसली. म्हणाली, आमच्याकडे तर निम्म्याहून जास्त वर्ष उपासाचं असतं, आमची आकडेवारी कोणी तपासली आहे का? मग बांगलादेशचे एक गृहस्थ उठले, ते रोज्याबद्दल बोलले. त्यानंतर मी मांजराचं सांगितलं. तेव्हा कोणी हसलं नाही आणि कोणी झोपलेलंही नव्हतं. पुढच्या श्रावणात त्याच साठ गावांत नव्या प्रश्नासह पुन्हा मोजणी करायची असं ठरलं आहे. पावसाळ्यातल्या धान्याबद्दल आम्ही एक टिपण सरकारला दिलं आहे. पण टिपणाची फाइल कधी पुढे सरकेल सांगता येत नाही, आणि तोवर शकुबाईसाठी माझ्या हातात काही नाही. हे लिहिताना मला फार वाईट वाटतं आहे.

तू दर पत्रात विचारतेस त्याचं उत्तर आज देते. काल मी चहा प्यायले आणि बिस्किटं खाल्ली. परवाही तेच. काम असलं की माझं जेवण राहून जातं. पोषणावर भाषण देणाऱ्या बाईने हे लिहू नये, पण शकुबाईचं वाचल्यापासून तुझ्याशी खोटं बोलवत नाही.

तुझी,
उज्वला


कोळवाडी
१६ जानेवारी १९९८

चि. उज्वलास आशीर्वाद आणि तिळगूळ.

बिस्किटं खाणाऱ्या मुलीला सरकारने रोमला पाठवलं, यावरून सरकारचं काय ते कळलं. उद्यापासून दोन पोळ्या आणि भाजी, मग तुझं जग. सातूचं पीठ अजून अर्धं आहे, हवं तर परत पाठवते.

फाइल सरकेल तेव्हा सरकेल. शकूच्या हातावर नुसतं पीठ ठेवलं असतं तर तिने घेतलं नसतं, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी मी देवळात जाहीर केलं, की मला स्वप्नात दृष्टान्त झाला आहे. वर्षभर दर सोमवारी आणि गुरुवारी एक सवाष्ण जेवू घालायची. रोज नवी चालणार नाही, एकदा ठरली की वर्षभर तीच. नाव चिठ्ठी टाकून काढायचं. गल्लीतल्या अकरा जणींच्या अकरा चिठ्ठ्या मी केल्या, मारुतीपुढे ठेवल्या आणि गुरवाला उचलायला सांगितलं. शकूचं नाव निघालं. सगळ्या म्हणाल्या, देवाची इच्छा.

अकराही चिठ्ठ्यांवर एकच नाव होतं, हे तुझ्या-माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. वाचून झाल्यावर हे पान फाड.

शकू येते, जेवते, तिच्याबरोबर मी पोरींसाठी डबा देते, कारण व्रतात तसं सांगितलं आहे. व्रत माझं असल्यामुळे त्यात काय सांगितलं आहे ते मीच ठरवते. पहिल्या दोन-तीन वेळा ती घासाघासाला माझ्याकडे बघायची. आता बघत नाही.

आणि गंमत ऐक. यशोदाबाईला पंधरा दिवस दम निघाला नाही. तिनेही देवळात व्रत जाहीर केलं, शनिवार आणि मंगळवारचं. चिठ्ठ्या तिच्या तिने केल्या, नऊ जणींच्या. गुरवाने उचलली तर तिच्यातही शकूचंच नाव. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं. परवा संक्रांतीला तिच्या हातावर तिळगूळ ठेवताना मी पहिल्यांदा मनापासून गोड बोलले.

चतुरामावशी


नवी दिल्ली
२५ जुलै १९९८

ती. मावशी,

भाग्यश्री आणि मनीषा १८ ऑगस्टला येतील, मंगळवारीच. या वेळी प्रत्येक बाईला तिच्या घरी, एकटीला विचारतील. नवा प्रश्न आठवा आहे. फाइल अजून जागची हलली नाही, पण त्यावर दोन नव्या सह्या आल्या आहेत.

काल जेवले: दोन पोळ्या, दुधी, वरण, भात. दुधी आवडला नाही तरी खाल्ला.

तुझी,
उज्वला


कोळवाडी
२० ऑगस्ट १९९८

उज्वलाताईंना शकुबाईचा नमस्कार.

माझं पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. मी चौथीपर्यंत शिकले आहे. अक्षर वाईट आहे ते समजून घ्या. हे पत्र चतुराबाईंना दाखवू नका.

तुमचा पत्ता भाग्यश्रीताईंकडून घेतला. त्यांनी मला विचारलं, सोमवारचा उपास कशाने सोडला. मी सांगितलं, चतुराबाईंच्या घरी वरणभात, गवारीची भाजी आणि पुरणपोळी. हे खरं आहे. त्यांनी तसंच्या तसं लिहून घेतलं.

मारुतीचं देऊळ मी झाडते, हे तुम्हाला माहीत नसेल. मार्गशीर्षात चिठ्ठ्या निघाल्या त्या दिवशी संध्याकाळी मीच झाडलं. उरलेल्या दहा चिठ्ठ्या कोपऱ्यात पडल्या होत्या. कोणाकोणाचं नाव हुकलं ते बघावं म्हणून उघडल्या. दहाही वाचल्या. पंधरा दिवसांनी यशोदाबाईंच्या आठ सापडल्या, त्याही वाचल्या. दोघी इतक्या हुशार, पण शकूला वाचता येतं हे एकीच्याही ध्यानात आलं नाही.

मला लई राग आला होता. दोन आठवडे मी डोकं दुखतं म्हणून गेले नाही. पण चतुराबाई तिसऱ्या गुरुवारी दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तू आली नाहीस तर माझं व्रत मोडतं, मला पाप लागेल. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. जे व्रत नाहीच ते मोडेल म्हणून बाई रडते, तिला काय म्हणायचं? मी गेले. जेवले. मात्र उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत गेल्यावर दोघींना सांगितलं, की सवाष्ण म्हणून बोलावता तशी कांदा निवडायला पण बोलवा, बसून खाल्लेलं मला पचत नाही. यंदा कांद्याला भाव आहे. आषाढापासून रोज दोघींच्या चाळीत निवडाईचं काम आहे. आता घरी पाच ताटं मांडते. मांजर माझ्यावर रागावलं आहे, त्याला झोपायला दुसरी जागा शोधावी लागली.

दोघींना वाटतं की मला काही माहीत नाही. त्यांना तसंच वाटू द्या. चिठ्ठ्या मी डब्यात जपून ठेवल्या आहेत.

पत्र लिहिण्याचं कारण वेगळं आहे. गेल्या वर्षीच्या तुमच्या कागदावर माझे चौदा उपास लिहिलेले आहेत. मी देवळात सांगितले, सगळ्यांसमोर, तेव्हा खरं बोलायचं धाडस झालं नाही. त्या चौदांतले चार सोमवार महादेवाचे. बाकीचे दहा त्याने मागितले नव्हते. ते माझ्या नावावर लिहा. देवाच्या नावावर खोटं राहू नये.

यंदाचे चारही त्याचेच आहेत. तेवढे नीट लिहा.

शकुबाई